अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर अंथरूण आधी दाखवा!

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण बहुजन समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवली गेली. ऐकवणारा पलंगावर बसलेला असे आणि ऐकणारा जमिनीवर. अंथरूण एवढेच का, ते कोणी ठरवले, हा प्रश्न विचारायची सोय त्या म्हणीत नव्हती. आज आम्ही ही म्हण काढतो आहोत ती एका साध्या वाटणाऱ्या विषयासाठी. हॉटेलात किंवा लॉजवर खोली घेताना त्या खोलीत खाटा किती, त्या कशा, आणि किती माणसांना निजायला मिळणार, हा तो विषय. काही वाचक म्हणतील, समाजापुढे एवढे प्रश्न असताना खाटा-गाद्यांवर लेख कशाला? आमचे म्हणणे एवढेच, की लेख पुरता वाचावा आणि मग ठरवावे.

आमच्या डोळ्यांसमोर नगर जिल्हा आहे. २०२४ साली या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवी होळकरांनी देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. वाटसरूला रात्रीचा आसरा देणाऱ्या बाईचे नाव ज्या जिल्ह्याला मिळाले, त्याच जिल्ह्यात शिर्डी आहे. महाराष्ट्रात लॉजची एवढी दाटी फार थोड्या गावांत असेल. २०१७ साली काकडीला विमानतळ झाला, ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, आणि शिर्डीत मुक्कामाला येणारा माणूस आणखी वाढला.

शिर्डीला जावे की जाऊ नये, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आपला माणूस देवदर्शनाला जात नसेल, पण लग्नाला जातो, परीक्षेला जातो, कोर्टाच्या तारखेला जातो. १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर येणारी कितीतरी कुटुंबे कोपरगाव, शिर्डी, मनमाडकडे मुक्काम शोधतात. आणि त्याच लॉजमध्ये चादरी बदलणारा, संडास धुणारा, गाद्या जिन्यावरून वाहून नेणारा कोण आहे, हे आम्ही सांगायला नको. म्हणून हा प्रश्न भाविकांचा नाही, माणसांचा आहे.

प्रकार असा घडतो. पाच माणसांचे कुटुंब. नवरा-बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. फोनवर किंवा मोबाईलवरच्या अ‍ॅपमधून ‘फॅमिली रूम’ ठरते. पैसे आगाऊ जातात. रात्री दहा वाजता खोली उघडली की आत एकच मोठा पलंग. ‘बाकीचे?’ म्हणून विचारले की काउंटरवरचा मुलगा सांगतो, ‘एक्स्ट्रा बेड मिळेल, चार्ज वेगळा.’ तो एक्स्ट्रा बेड म्हणजे काय? दोन इंच जाडीची गादी आणि एक चादर. ती पलंग आणि मोरीच्या दारामध्ये उरलेल्या जागेत अंथरली जाते. मग ‘अ‍ॅडजस्ट करा’ हा आपल्या देशातील सर्वांत मोठा मंत्र म्हटला जातो.

आता आमचा सवाल असा, की त्या गादीवर कोण झोपते? नवरा पलंगावर, त्याच्या कडेला मुलगा. खाली म्हातारी आई, सून आणि मुलगी. हे कोणी ठरवत नाही, न ठरवताच ठरते. ज्या समाजरचनेत कोणी वर बसायचे आणि कोणी खाली, हे जन्मानेच ठरलेले होते, तिची सवय एका रात्रीच्या खोलीतही आपल्यामागून येते. गावच्या पाटलापुढे महाराने खाटेवर बसू नये, हा नियम मोडायला आपल्या आजा-पणजाने मार खाल्ला. त्याच आजाची नात स्वतःच्या बापाने पैसे भरलेल्या खोलीत न विचारता जमिनीवर जाते, तेव्हा आम्हाला हा विषय लहान वाटत नाही.

खोलीचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. परदेशी शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना त्या शहरात उतरायला जागा मिळेना. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत हे उघड होते. एका पारशी धर्मशाळेत, तीही पारशी नावाने नोंद करून, त्यांना जागा मिळाली. भाडे रोजचा दीड रुपया. वरच्या मजल्यावर एक लहानशी निजायची खोली आणि लगत नळाची छोटी न्हाणी. बाकी सगळा दिवाणखाना मोडक्या खुर्च्या-बाकांच्या अडगळीने भरलेला. विजेचा दिवा नाही, सोबतीला माणूस नाही, रात्री एका कंदिलाचा उजेड. तेवढ्यावरही बाबासाहेब राहायला तयार होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याची तंबी देऊन गेले. ओळखीच्या एका हिंदूने आणि एका ख्रिश्चनाने घरात घेतले नाही. रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

या प्रसंगाची आठवण काढून आपण हळहळतो आणि थांबतो. पण त्यातील एक बारकावा नजरेतून सुटू नये. बाबासाहेबांजवळ भाडे होते, नोकरी होती, पदव्या होत्या. नव्हते ते काय? नोंदवहीत स्वतःचे नाव लिहिण्याचा हक्क. खोली मिळणे ही पहिली पायरी आहे. स्वतःच्या नावाने मिळणे ही दुसरी. आणि जे ठरले, ज्याचे पैसे दिले, तेच मिळणे ही तिसरी. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी आपल्या माणसांनी आयुष्ये घातली. तिसरी पायरी मागताना मात्र आपण लाजतो.

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या पोराबाळांना पाठ आहे. त्या सत्याग्रहाला आधार मिळाला तो सी. के. बोले यांच्या ठरावाचा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने हा ठराव संमत केला. त्यात पाणवठे आणि विहिरी होत्या, शाळा, कोर्टे आणि दवाखाने होते, आणि त्यातच धर्मशाळा हा शब्दही होता. सरकारी पैशाने बांधलेल्या आणि चालवलेल्या, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्या ठरावाने सांगितले. तळे आपल्या लक्षात राहिले, धर्मशाळा विसरून गेली. ज्या अर्थी १९२३ साली असा ठराव करावा लागला, त्या अर्थी तोपर्यंत धर्मशाळेचा ओटा आपल्यासाठी नव्हता, हे वेगळे सांगायला नको. बांधणाऱ्याचा हेतू कितीही थोर असो, ओट्यावर कोण निजणार हे ठरवणारे दुसरेच असत.

पंढरपुरात हेच चित्र होते. अस्पृश्य वारकऱ्याला उतरायला जागा नव्हती. तेव्हा हातात खराटा आणि गाडगे घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांनी तेथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली. आणि १९४९ साली हीच धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. निजायला ओटा द्यायचा आणि त्याच ओट्यावर उद्या पोरगा शिकायला बसवायचा, ही दृष्टी त्या फाटक्या वेशातील माणसापाशी होती. आजही मुंबईत दादरला गाडगेबाबांच्या नावाने धर्मशाळा चालते. टाटा रुग्णालयात कॅन्सरवर उपचार घ्यायला आलेले गावोगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तेथे उतरतात. हॉटेलचे भाडे न परवडणाऱ्या माणसालाही पाठ टेकायला जागा लागते, ही जाणीव त्यामागे आहे.

मग संविधान आले. कलम १५ च्या दुसऱ्या पोटकलमात दुकाने, उपाहारगृहे आणि करमणुकीच्या जागांबरोबर हॉटेल हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. १९५५ च्या अस्पृश्यता विरोधी कायद्याला १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. त्याचे चौथे कलम आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे असे आहे. हॉटेल, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना येथे सर्वांच्या वापरासाठी ठेवलेली भांडी आणि इतर वस्तू वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा गुन्हा आहे. शिक्षा एक महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंत कैद आणि शिवाय दंड. भांडी म्हटली की आपल्याला चहाची कपबशी आठवते. पण ‘इतर वस्तू’ म्हणजे काय? आमच्या मते धर्मशाळेतील इतर वस्तू म्हणजे खाट, गादी, उशी आणि पांघरूण. माणूस धर्मशाळेत येतो तो निजायला येतो.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. अमेरिकेत काळ्या प्रवाशांना वाटेत कोठे खोली मिळेल, याची यादी देणारे ‘ग्रीन बुक’ नावाचे पुस्तक व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ पासून काढले. तीस वर्षे ते निघत राहिले, कारण तीस वर्षे त्याची गरज होती. १९६४ साली नागरी हक्क कायदा झाला, तेव्हा अटलांटा शहरातील २१६ खोल्यांच्या एका मोटेलचा मालक कोर्टात गेला. माझ्या खोल्या मी कोणाला द्यायच्या ते मी ठरवीन, हा त्याचा युक्तिवाद. त्याच वर्षी १४ डिसेंबरला तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने फेटाळला. तरी प्रश्न संपला काय? घरगुती खोल्या भाड्याने देणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन संकेतस्थळाचा हार्वर्डच्या अभ्यासकांनी अभ्यास केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काळ्या समाजात आढळणारे नाव असलेल्या पाहुण्याची मागणी मान्य होण्याची शक्यता गोऱ्या नावाच्या पाहुण्यापेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी होती. म्हणजे दार बदलले, नोंदवही बदलली, पण नाव वाचणारा डोळा तोच राहिला. आपल्याकडे काउंटरवर आधार कार्ड पुढे केल्यावर आडनावावर थबकणारी नजर आपल्या लोकांना ओळखू येते. ती ओळखायला हार्वर्डची गरज नाही.

पण आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. लॉजवाला प्रत्येक वेळी जात पाहूनच खाट कमी देतो, असे म्हणणे खरे होणार नाही. पुष्कळदा तो सरसकट सर्वांनाच फसवतो. आणि पुष्कळदा फसवतही नाही, आपणच विचारलेले नसते. हॉटेलच्या भाषेत ‘डबल’ म्हणजे दोघांसाठी एक मोठा पलंग. दोन सुटे पलंग हवे असतील तर त्याला ‘ट्विन’ म्हणतात. ‘ट्रिपल’ म्हणजे काही ठिकाणी तीन खाटा, काही ठिकाणी एक मोठा पलंग आणि एक गादी. दोन मित्र, दोन कार्यकर्ते, सासरा आणि जावई, किंवा परीक्षेला निघालेल्या दोन अनोळखी मुली ‘डबल’ घेतात आणि एका पलंगावर अवघडून रात्र काढतात. फोटोत दिसतात ते दोन जोडलेले पलंग की एकच, हे फोटो पाहून कळत नाही. विचारल्यावर कळते.

म्हणून पैसे देण्याआधी विचारा. खाटा किती? जोडलेल्या की सुट्या? एक्स्ट्रा बेड म्हणजे घडीची खाट की जमिनीवरची गादी, आणि तिचे किती? मुलाचे भाडे कोणत्या वयापासून? खोली चोवीस तासांसाठी, की रात्री दहाला घेतली तरी सकाळी नऊला सोडायची? म्हाताऱ्या माणसासाठी तळमजला किंवा लिफ्ट आहे का? संडास खोलीत आहे की बाहेर? उत्तर फोनवर घेऊ नका, मेसेजवर लेखी घ्या. बसस्टँडवर हात धरून ओढणाऱ्या दलालाच्या मागे गेलात, तरी बॅगा आत टाकण्यापूर्वी खोली डोळ्यांनी पाहा.

आणि बिल मागा. २०२२ च्या जुलैमध्ये हजार रुपयांच्या आतल्या हॉटेलच्या खोलीवरही बारा टक्के जीएसटी लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवर तो पाच टक्के झाला. गरिबाने घेतलेल्या खोलीवर कर आहे, तर गरिबाला पावतीचाही हक्क आहे. पावती असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार टिकते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक मोबाईलमध्ये ठेवावा. ठरलेली खाट न देणे ही सेवेतील त्रुटी आहे. हे मोठ्या आवाजात सांगावे लागत नाही, ठामपणे सांगितले तरी काउंटरवरचा आवाज खाली येतो.

कोणी म्हणेल, एवढ्या अपेक्षा बाळगायची आपल्याला सवय नाही. ते खरे आहे. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कच्या मातीवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरच्या रस्त्यांवर आपली लाखो माणसे सतरंजी टाकून निजतात आणि कोणाकडे तक्रार करीत नाहीत. ते निजणे आमच्या दृष्टीने सन्मानाचे आहे, कारण ते आपण निवडलेले आहे. पण निवडून जमिनीवर निजणे वेगळे आणि दुसऱ्याने जमिनीवर टाकणे वेगळे. पहिल्याला त्याग म्हणतात. दुसऱ्याला त्याग म्हणायला लावणे, हीच तर विषमतावाद्यांची जुनी चलाखी आहे.

शिर्डीचेच उदाहरण घ्या. साईबाबा चार हात लांब आणि वीतभर रुंद फळीवर निजत, ती फळी चिंध्यांनी आढ्याला टांगलेली असे आणि उशाला वीट, असे त्यांच्या चरित्रात वर्णन आहे. त्यांनी ते स्वतः पत्करले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या बाजारात मात्र वातानुकूलित पलंगापासून जिन्याखालच्या गादीपर्यंत खिशाप्रमाणे पायऱ्या लागल्या आहेत. तेथील संस्थानचा कारभार २००४ च्या स्वतंत्र कायद्याने चालतो. म्हणजे बोले ठरावाच्या भाषेत ती कायद्याखालची संस्था झाली. भक्तनिवास, द्वारावती, साई आश्रम येथील खोली ही म्हणूनच कोणाची मेहरबानी नाही. तिथे प्रत्येक नागरिकाला सारख्याच दराने, सारखीच खाट मिळाली पाहिजे.

शेवटी त्या माणसाबद्दल, ज्याच्यासाठी कोणतीच खोली ठरवलेली नसते. गाडीचा ड्रायव्हर. नागपूरहून, इंदूरहून, हैदराबादहून रात्रभर गाडी हाकून तो माणसे शिर्डीत आणतो. माणसे खोलीत जातात आणि तो गाडीतच सीट मागे करून पडतो. डास, उकाडा, पहाटेची थंडी, आंघोळीला सुलभ शौचालयाची रांग. दुसऱ्या दिवशी याच न झोपलेल्या माणसाच्या हाती समृद्धीसारख्या रस्त्यावर आख्ख्या कुटुंबाचा जीव असतो. २०२३ मध्ये तामिळनाडू सरकारने बांधकाम नियमांत दुरुस्ती केली आणि हॉटेल व लॉजनी पाहुण्यांच्या ड्रायव्हरसाठी निजायची जागा आणि स्वच्छतागृह ठेवावे, अशी तरतूद केली. पेरियारांच्या भूमीला जे सुचले, ते फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राने शिर्डी, शिंगणापूर, त्र्यंबकेश्वर येथे कडकपणे लागू करावे. नव्या लॉजचा नकाशा मंजूर करताना नगरपरिषदेने गाड्या किती लागतील हे विचारावे, आणि त्या गाड्या चालवणारे कोठे निजतील हेही विचारावे. लॉजच्या मुलांनाही हाच नियम हवा. दिवसाला पन्नास बिछाने घालणारा मुलगा रात्री काउंटरमागे किंवा गच्चीवर पुठ्ठ्यावर झोपत असेल, तर त्या लॉजच्या दारावर कितीही तारे लावले तरी ते आमच्या लेखी अंधाराचेच.

आणि कायदा होईपर्यंत थांबू नका. आपल्यातही आता गाडी भाड्याने घेऊन जाणारे पुष्कळ झाले आहेत. शिक्षक, बँकेतील कर्मचारी, अधिकारी. बाबासाहेबांच्या पुण्याईने खोली घेण्याची ऐपत आली आहे. तर खोली ठरवताना माणसे मोजताना ड्रायव्हरला मोजा. त्याची खाट धरून हिशेब करा. घरातली म्हातारी, सून आणि मुलगी यांना मोजा, आणि खाली कोण निजणार हे न बोलता ठरू देऊ नका. एकच पलंग असेल तर त्या रात्री घरातल्या कर्त्या पुरुषाने खाली निजावे. त्याने काही बिघडत नाही.

बडोद्याच्या त्या अंधाऱ्या धर्मशाळेत एका माणसाला खोटे नाव लिहावे लागले, म्हणून आज आपण कोणत्याही काउंटरवर आपले खरे नाव लिहू शकतो. त्या नावाखाली माणसे किती आणि खाटा किती, हे दोन आकडे जुळवून घेणे हे आपले काम आहे. अंथरूण पाहून पाय पसरायला आमची ना नाही. पण अंथरूण आधी दाखवा, पुरते आहे की नाही ते आम्ही मोजू, आणि त्यावर सर्वांचे पाय मावतील तेव्हाच पैसे देऊ.